चौघांपैकी कोण

केसांना लावायचा गुलाबी रोलर घरंगळत आरशाखालच्या फटीशी जाऊन थांबला आणि नेवेंका त्याच्याकडेच बघत राहिली, कारण मान वर केली की टीव्ही दिसत होता, आणि टीव्हीवर ते चार फोटो. केस वाळवायच्या यंत्राच्या घरघरीत शब्द ऐकू येत नव्हते. पण ऐकायचं तरी काय होतं? सकाळी पक्षाच्या अध्यक्षांनी पद सोडलं — तब्येत — आणि तासाभरात राजधानी झाग्रेबच्या वाहिन्यांनी वारस शोधूनही काढले. सत्तेतला पक्ष, चार पुरुष, चार टाय. तिसरा दामिर... त्याचं पहिलं भाषण तिनं लिहून दिलं होतं, याच गावात, पक्षाच्या ओसियेक कार्यालयाच्या मागच्या खोलीत. हात इतके थरथरत होते त्याचे, की तिनं कागद पुठ्ठ्याला चिकटवून दिला होता. आता हसतोय बघा, जन्मापासून मंत्री असल्यासारखा.

पार्लरवाल्या बोझित्सानं यंत्र बंद केलं.

"या चौघांपेक्षा आमची शेळी परवडली," शेजारच्या खुर्चीतली, पोस्टातली यास्ना म्हणाली. "निदान दूध तरी देते."

"दामिरच होणार, लिहून ठेव," बोझित्सा नेवेंकाचे रोलर सोडवत म्हणाली. "आपल्या गावचा आहे. आणि केस किती दाट!"

"केसांवरच ठरवायचं, तर नेवेंका मावशींना करा की अध्यक्ष!" यास्ना म्हणाली.

सगळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं नेवेंका हसली, आणि हसू घशात असतानाच तिला त्याची शिसारी आली. मी का हसले? त्यांचं सोडा... मी का?

मावशी. अख्खा पक्ष तिला मावशी म्हणतो. मावशी, सभागृहाच्या चाव्या कुठायत. मावशी, भाषणाला शेवट सुचत नाहीये — चौतीस वर्षं! मावशीला कुणी मत देत नाही, मावशीकडे मतं मागायला येतात. बारा वर्षांपूर्वी तिनं जिल्हाध्यक्षपदासाठी अर्ज भरला, तेव्हा दामिर केकचं खोकं घेऊन घरी आला होता. "पक्ष फुटेल, मावशी. या खेपेला माघार घ्या, पुढची खेप तुमचीच." तिनं माघारीच्या कागदावर सही केली. पुढच्या खेपेला तोच उभा राहिला, आणि त्याचं भाषण — तेही तिनंच लिहिलं. केक चांगला होता हे तिला अजून आठवतं, आणि त्याचाच राग जास्त येतो.

फोन वाजला. दामिरच.

"मावशी! बघितलंत ना टीव्हीवर?"

"बघितलं."

"उमेदवारीला वीस प्रतिनिधींच्या सह्या लागतात, सोमवारपर्यंत. आपल्या जिल्ह्यात एकतीस आहेत. माझं कोण ऐकतंय? पण तुमचा शब्द कुणी मोडत नाही. एकेकाला फोन करा ना."

"आणि पुढची खेप कुणाची, दामिर?"

"कसली खेप?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. खोटं बोलणाऱ्याच्या मनात निदान आपली जागा असते...

"बघते," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर स्वतःच्या त्या 'बघते'चा तिला इतका संताप आला की बोझित्साचे पैसे तिनं न मोजताच काउंटरवर टाकले.

बाहेर द्रावा नदीवरून वारा सुटला होता. नुकते बसवलेले केस विस्कटले, तिनं सावरले नाहीत. काठाकाठानं ती दात आवळून चालत राहिली आणि डोक्यात एकतीस माणसं आपापल्या घरांसकट उभी राहिली — म्हातारा स्टिपान, ज्याच्या बायकोला रोज दवाखान्यात न्यायला नेवेंका होती आणि दामिरनं साधा फोनही केला नाही. दुब्राव्का, जिचं भाषण त्यानं भर सभेत मध्येच तोडलं... ही सही देणार नाही. हाही नाही. त्याला नाही देणार. सोळा... सतरा... पुलापाशी तिच्या ध्यानात आलं, की दामिरला नकार देणाऱ्यांची मोजणी केव्हाच मागे पडली होती. मघापासून ती विचारत होती, मी उभी राहिले तर हा सही देईल? मला?

एकसष्टाव्या वर्षी? हसतील. आधी यास्ना हसेल.

हसू देत.

अठरा. एकोणीस. विसावं नाव तिनं मोठ्यानं उच्चारलं. आणि दामिरचा चेहरा आठवायचा म्हटला तरी तो तिला नीट आठवेना.