गैरहजरांची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी वेताची खुर्ची आहे, आणि तब्बल बावन्न वर्षे माझ्यावर बसायला सक्त मनाई होती. हसू नका. लोक खुर्चीसाठी काय काय करतात ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचताच. माझ्यासाठी मात्र कधी कुणी भांडले नाही, कारण मी कुणालाच मिळणार नव्हते. मोठमोठी माणसे माझ्यासमोर येऊन मान झुकवून गेली. असा मान कुठल्या खुर्चीला मिळतो, सांगा बरे!

आमचे घर म्हणजे सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचे सभागृह. दर शनिवारी दुपारी तिथे जगाच्या राजकारणावर वादविवाद चालतो. भिंतीवरचे घड्याळ मुद्दाम चार मिनिटे पुढे ठेवलेले आहे, म्हणजे वक्ते वेळेत आटोपतात. सगळ्यांना ही युक्ती ठाऊक आहे, तरी ते घड्याळाकडे पाहून घाबरतातच.

माझा जन्म मात्र एका चुकीतून झाला. कार्यकारिणीत सात माणसे होती. सुतारकाकांनी शिपायालाही मोजले आणि आठ खुर्च्या केल्या. एकाच ओंडक्यातून आम्ही आठ बहिणी निघालो. काकांनी प्रत्येकीवर स्वतः बसून, मागे रेलून पाहिले आणि मगच आम्हाला जिन्यावरून वर चढवले. पण त्या काळी शिपाई उभाच राहायचा. म्हणून मी उरले. सहा महिने मी झाडू आणि बादल्यांच्या संगतीत अडगळीच्या खोलीत काढले. बाहेर माझ्या बहिणी भाषणे ऐकत होत्या आणि माझ्या पाठीवर ओली फडकी वाळत होती. फार वाईट वाटायचे मला.

तेव्हा सभेचे अध्यक्ष एक वकीलसाहेब होते. एका शनिवारी विषय निघाला, दूरच्या एका बेटावर तोफा डागणे नैतिक आहे की नाही. चहा पिता पिता चर्चा रंगली आणि हात वर करून ठरले, की आहे. पुढच्याच शनिवारी वकीलसाहेबांनी त्या बेटाची बातमी सगळ्यांना वाचून दाखवली. किती घरे पडली, किती माणसे गेली. मग ते म्हणाले, "आपण चाळीस जणांनी त्यांचा निकाल लावला. त्यांच्यातला एक तरी इथे होता का?"

वकीलसाहेब उठले, अडगळीच्या खोलीत आले, कोटाच्या बाहीने त्यांनी माझी धूळ पुसली आणि मला उचलून व्यासपीठाच्या मधोमध ठेवले. त्या दिवशी नियम झाला. ज्यांच्याविषयी आपण बोलतो पण जे इथे नाहीत, त्यांची ही खुर्ची. हिच्यावर कुणीही बसायचे नाही. प्रत्येक वक्त्याने आधी माझ्याकडे वळायचे, मान झुकवायची आणि म्हणायचे, "ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे, ते इथे हजर नाहीत. त्यांची माफी मागून बोलतो."

मित्रांनो, त्या दिवसापासून माझा तोरा काय विचारता! माझ्या बहिणींवर चहा सांडला, त्यांचे पाय डुगडुगू लागले. एकीच्या पाठीवर तर कुणीतरी पेनाने हिशेबही मांडला. माझ्यावर ओरखडासुद्धा नाही. बाहेरगावचे एक न्यायाधीश खास मला पाहायला आले आणि माझ्याशेजारी उभे राहून त्यांनी फोटो काढून घेतला. मी मनातल्या मनात बहिणींकडे पाहून नाक मुरडले.

मी ऐकले तरी काय काय म्हणून सांगू! देव नेहमी बोलणाऱ्याच्याच बाजूला असतो, हे मी इतक्या वर्षांत पाहून ठेवले आहे. नीतीचेही तसेच. बलाढ्य देशाला जे करायचे असते तेच नेमके नैतिक कसे आहे, हे सांगणारा हुशार माणूस कुठून ना कुठून मिळतोच. नकाशावर बोट सगळे ठेवतात, पण त्या बोटाखाली कुणाचे अंगण येते ते कुणाला माहीत नसते. तरीही आमच्या सभागृहाचा मला अभिमान होता. निदान इथे माफी मागून बोलत होते. बाहेर तेवढेही कोण करतो?

पण एक दुखणे मला लागले. वेताचा स्वभाव असा, की तो वापरात राहिला तर टिकतो. कुणी बसले, थोडा घाम, थोडा ओलावा लागला, की तो लवचीक राहतो. नुसता ठेवला तर वाळतो आणि तडकतो. माझ्या बहिणींचे पाय गेले, पण बैठका शाबूत राहिल्या. माझे पाय मजबूत आणि बैठक मात्र फुटत चाललेली. एकदा तर बैठकीला हे एवढे भोक पडले, आणि सहा महिने कुणाच्या लक्षातही आले नाही. माझ्यासमोर मान झुकवताना लोक माझ्याकडे पाहतच नव्हते.

मग वेतवाली आली. तिला सगळे वेतवालीच म्हणत. बाजाराच्या मागे तिचे छोटे दुकान होते आणि बारा वर्षे तीच माझी बैठक विणत होती. वेताच्या पट्ट्या ती कोमट पाण्यात भिजवायची, एकेक पट्टी भोकातून ओढायची आणि लाकडी खुंटीने दाबून बसवायची. दोन-दोन दिवस आम्ही दोघीच असायचो. काम झाले की ती दाराकडे एक नजर टाकायची आणि पटकन माझ्यावर बसून पाहायची. अगदी सुतारकाकांसारखी. पहिल्यांदा मला संताप आला. ही कोण लागून गेली? मग पुढे पुढे मी त्या क्षणाची वाट पाहू लागले. हे गुपित मी आज पहिल्यांदाच सांगते आहे. वेतवाली समुद्रापलीकडच्या एका लहानशा देशातून आली होती. पण तिला ते कुणी विचारले नाही, आणि तिनेही सांगितले नाही.

आता त्या शनिवारची गोष्ट सांगते. त्याच लहान देशात दंगल उसळली होती. एका गावातले जुने प्रार्थनास्थळ जाळले होते, आणि आपल्या देशाने तिथे सैन्य पाठवावे का, यावर सगळीकडे बोलणे चालू होते. आमच्याकडे एक निवृत्त राजदूत वक्ते म्हणून आले होते. ते आता राजधानीत सरकारचे सल्लागार होते आणि सोमवारी त्यांची बैठक होती. सभागृहाचा जो कौल होईल तो मी बरोबर नेईन, असे त्यांनी आधीच कळवले होते. त्यामुळे त्या दिवशी आमच्या वर उठणाऱ्या हातांना कधी नव्हे ते वजन आले होते. सभागृह गच्च भरले. वेतवाली कामाचा एप्रन काढायचा विसरून तशीच आली होती आणि भिंतीला टेकून उभी होती. मला वाटले, काम बघायला आली असेल.

पहिले बोलले धर्मोपदेशक. माझ्याकडे वळून त्यांनी ते वाक्य म्हटले आणि मग टेबलावर मूठ आपटून विचारले, की आपल्याच धर्माची वास्तू जळताना हात बांधून बसणे हा धर्म आहे का. टाळ्या पडल्या. नंतर इतिहासाच्या शिक्षिका उठल्या. त्यांनीही ते वाक्य म्हटले आणि शांतपणे एकेक युद्ध मोजून दाखवले, की देवाचे नाव घेऊन गेलेली सैन्ये परत येताना काय घेऊन आली. त्यांनाही टाळ्या पडल्या. बोलणे रंगत गेले. दोघांनीही आपापली बाजू इतकी छान मांडली, की मला दोघांचाही अभिमान वाटला.

तेवढ्यात वेतवाली भिंतीपासून निघाली, माणसांतून वाट काढत व्यासपीठावर चढली आणि माझ्यावर बसली.

शिपाईमामा धावत आले. बाई, उठा, इथे बसायचे नसते, असे ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले. अध्यक्षस्थानी आमच्या ग्रंथपालबाई होत्या. फार सज्जन बाई. त्या मृदू आवाजात म्हणाल्या, की ही खुर्ची रिकामीच ठेवायची आमची पद्धत आहे, तुम्हाला मागे जागा करून देतो. वेतवाली उठली. उठताना सवयीने तिने माझ्या बैठकीवरून तळवा फिरवला, कुठे सैल झाली आहे का ते पाहिले आणि माझ्या शेजारीच उभी राहिली.

आता राजदूतसाहेबांची पाळी होती. ते आले, माझ्याकडे वळले, मान झुकवली आणि म्हणाले, "ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे, ते इथे हजर नाहीत."

"आहेत ना, साहेब," वेतवाली म्हणाली. "आत्ता तुम्ही उठवलंत ती मीच."

मित्रांनो, बावन्न वर्षांत त्या वाक्याला कुणी उत्तर दिले नव्हते.

राजदूतसाहेब शहाणे होते. त्यांनी भाषणाचे कागद खाली ठेवले आणि विचारले, की तुम्ही तिकडच्या का. त्याच गावची, ती म्हणाली. जळले त्या प्रार्थनास्थळात तिचे वडील झाडलोट करायचे आणि मागच्याच गल्लीत तिची बहीण राहत होती. मग साहेबांनी सरळच विचारले, की सैन्य पाठवावे की नाही, तुम्हीच सांगा.

"ते मला नाही माहीत," ती म्हणाली. "जाळलं त्यांनी वाईटच केलं. तुम्ही आलात तर लढाई आमच्या छपरांवरून होईल. नाही आलात तर ते लोक परत येतील. पण मगाचपासून इथे धर्माबद्दल बोलणं झालं, इतिहासाबद्दल झालं, आपल्या देशाच्या इभ्रतीबद्दल झालं. पूल बंद आहे हे कुणीच बोललं नाही."

"कोणता पूल?" राजदूतसाहेबांनी विचारले. त्यांच्यासमोर टेबलावर तिच्याच देशाचा नकाशा पसरलेला होता.

वेतवालीने नकाशा फिरवून घेतला आणि बोट ठेवले. ते बोट वेताच्या पट्ट्यांनी कापून कापून राठ झालेले होते. "हा. गावातून बाहेर पडायला एवढा एकच आहे. दोन्ही बाजूंनी अडवलाय. माझी बहीण दोन पोरांना घेऊन अकरा दिवस तळघरात बसलीये. आधी हा उघडायला लावा. माणसं बाहेर येऊ देत. मग तुमचं काय नैतिक आहे ते सावकाश ठरवा."

ग्रंथपालबाई व्यासपीठाच्या दुसऱ्या टोकाहून उठून आल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं आम्ही तुमची खुर्ची मांडून बसलो होतो, आणि तुम्ही आलात तर मीच तुम्हाला उठवलं. बसा. तुमचीच आहे."

ती बसली. सगळ्यांच्या देखत बसली. दाराकडे न पाहता बसली. क्षणभर मला धास्ती वाटली, की माझी बैठक पेलेल ना? पण तिच्याच हातची वीण ती. जराही कुरकुरली नाही.

त्या दिवशी मूळ प्रश्नावर मतदान झालेच नाही. ज्यांनी टेबलावर मूठ आपटली होती त्या धर्मोपदेशकांनीच सुचवले, की आधी पुलाचे पत्र लिहू. तिकडच्या धर्मगुरूंनाही आपण वेगळे लिहू, असे ते म्हणाले. इतिहासाच्या शिक्षिकांनी मजकूर लिहून घेतला, वेतवालीने सांगितला, आणि सभागृहातल्या झाडून सगळ्यांचा हात वर गेला. राजदूतसाहेबांनी पुलाचे नाव स्वतःच्या वहीत उतरवून घेतले, आणि बरोबर लिहिले आहे ना, हे वेतवालीला दाखवून मगच ते जिना उतरले.

पुढच्या गुरुवारी तो पूल चार दिवसांसाठी उघडला. आमच्या पत्रामुळे की आणखी कशामुळे, ते मला सांगता येणार नाही. खुर्च्यांना एवढे कळत नाही, आणि ज्यांना कळते ते सांगत नाहीत. सगळे काही बाहेर आले नाहीत. त्या गल्लीतली काही घरे आता नाहीत, आणि वेतवाली कधी कधी काम करता करता थांबते ते त्यांच्यासाठी, हे मला माहीत आहे. पण तिची बहीण आली. दोन्ही मुलांना घेऊन आली. एका शनिवारी वेतवाली तिला हाताला धरून जिना चढवत वर घेऊन आली आणि माझ्यावर बसवून म्हणाली, "ही बघ ती खुर्ची." बहिणीने दोन्ही हातांनी माझे हात घट्ट धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. न्यायाधीशांच्या फोटोपेक्षा मला त्याचा जास्त अभिमान आहे.

आता तीन वर्षे झाली. माझ्यावर चहा सांडतो. माझा एक पाय किंचित डुगडुगतो आणि माझ्या बहिणी मला हसून घेतात. माझी बैठक मात्र आता तडकत नाही, कारण कुणी ना कुणी बसायला येतेच. या शहरात इतक्या देशांची माणसे राहतात, हे आम्हाला आधी माहीतच नव्हते. शोधायला फार लांब जावे लागले नाही. कुणी बेकरीत होते, कुणी इस्पितळात, आणि एक तर खालीच पुस्तके बांधत होता.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. वेताच्या खुर्चीला जपायचे असेल तर तिला नुसती मिरवू नका, तिच्यावर बसा, अधूनमधून ओले फडके फिरवा. आणि जे समोर नाहीत त्यांच्याविषयी बोलायची वेळ आली, तर त्यांना मान देऊन थांबू नका. आधी जरा भिंतीकडे पाहा, तिथे कोण उभे आहे ते.

आमचे जुने वाक्य आता बदलले आहे. वक्ता अजूनही माझ्याकडे वळतो, पण माफी मागत नाही. तो सभागृहाला विचारतो, "ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे, त्यांच्यापैकी कुणी इथे आहे का?" आणि पूर्ण एक मिनिट थांबतो. ते मिनिट मोजायला ग्रंथपालबाई भिंतीवरच्या पुढे ठेवलेल्या घड्याळाकडे पाहत नाहीत, हातातल्या घड्याळाकडे पाहतात. तेवढा वेळ सगळे गप्प असतात, मी डुगडुगता पाय सावरून ताठ उभी राहते, आणि मागून कुणी चालत येते आहे का ते ऐकत असते.