श्वासापुरतं गाणं

नदीवर पूल नव्हता. या काठापासून त्या काठापर्यंत एक जाड दोर ताणलेला असे, आणि तो धरून नावाडी नाव पलीकडे नेई. तो दोर वळणारं घर एकच. घर कसलं, बोगद्यासारखी लांबलचक शेड. एका टोकाला तीन आकड्यांचं चाक, दुसऱ्या टोकाला दगड भरलेली गाडी, मधे एकेका आकड्याला अडकवून तागाचे तीन पेड ताणलेले. दोरवाल्याची बायको चाक फिरवी, पेडांना पीळ बसे. दोरवाला खाचांचा लाकडी ठोकळा पेडांमधे धरून गाडीपासून चाकाकडे पावलं टाकी, आणि ठोकळ्यामागे ते तीन पेड एकमेकांच्या गळ्यात पडून त्यांचा दोर होई.

चाकाची आणि पावलांची चाल जुळावी म्हणून मधे बसून कुणीतरी गायचं, ही त्या शेडची पद्धत. गाणं देवाच्या स्तुतीचं. दोरवाल्याचे वडील होते तोवर ते गायचे. ते गेले, आणि दोरवाल्यानं बँडमधला एक गाणारा आणून बसवला. त्याला सगळे भोंगा म्हणत. भोंग्याचा आवाज असा, की पत्र्यावरचे पारवे उडून जात. त्या आवाजानं चाक भिंगरीसारखं फिरलं, दोरवाला जवळजवळ पळाला, आणि दोर एरवीच्या निम्म्या वेळात झाला. सगळे खूश.

तो दोर महिन्यात तुटला. त्यानंतरचा तुटला तो भर धारेत. नाव वाहत जाऊन वाळूला लागली म्हणून माणसं वाचली, पण एका मुलीचा हात मोडला. ती मुलगी गळ्यात हात बांधून शेडवरून जायची, तेव्हा दोरवाला आत तोंड फिरवून उभा राहायचा.

नावाडी येऊन सांगून गेला, "आणखी एक दोर घेईन. तुझ्या बापाकडे बघून. तोही गेला तर मी तारेचा आणतो, तू शेडला कुलूप लाव."

भोंग्याला निरोप दिला. एका दोरापुरता ताग उरला होता.

त्या सकाळी पेड ताणून झाले आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिली. चाक फिरवणारीला गाता येत नाही, चालणाऱ्याला दम पुरत नाही.

"सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात," बायको म्हणाली. "आपलं उलटंच. सुंभ धड आहे, पीळच राहत नाही."

"हसू नकोस गं."

"रडून पीळ बसणार असेल तर रडते."

दारात आत्या उभी होती. दोरवाल्याची आत्या, वडिलांची धाकटी बहीण. जन्माची दमेकरी. छाती अशी वाजायची, की गल्लीत तिला भाता म्हणत, आणि ती त्या हाकेला ओ देई.

"मी गाते," ती म्हणाली.

"आत्या, अगं तुला जिना चढवत नाही."

"जिना कुठे चढायचाय? गायचंय. ते बसून करतात."

"मधेच श्वास गेला तर?"

"मग थांबायचं. आला की पुन्हा गायचं." ती स्टुलावर टेकली. "हे बघ, देवानं मला एवढुसाच श्वास दिलाय. पण त्याचं नाव तेवढ्यात बसतं, मी बसवून पाहिलंय. बाकी दोराचं तो बघेल. मला कुठे कळतंय त्यातलं?"

दुसरं होतंच कोण? दोरवाल्यानं ठोकळा उचलला.

आत्यानं डोळे मिटले. आवाज कसला, चुलीतल्या फुंकरीसारखा. पण शेडमधे दुसरा आवाज नव्हता, म्हणून तो चाकापर्यंत पोचला.

उजेड दिलास देवा, डोळे भरून पाहिला,
श्वास दिलास उसना, तुझा तुला वाहिला.

दोन ओळी झाल्या आणि भाता रिकामा झाला. ती थांबली. चाक थांबलं. दोरवाला थांबला. छाती घरघरली, सावरली, आणि पुन्हा दोन ओळी.

असंच चाललं. चार पावलं आणि थांबा, तीन पावलं आणि थांबा. दोरवाल्याच्या पायांना वेगाची सवय. त्याचे दात आवळले जात होते. अर्धी शेड झाली तेव्हा ऊन दारातून आत सरकलं होतं. एवढ्या वेळात भोंग्यानं दोर वळून, चहा पिऊन, वर आणखी एक मागितला असता.

ओंजळ माझी लहान, नदीला तुझ्या काय उणं,
सांडलं ते तुझंच देवा...

आणि इथे ओळ तुटली. आत्याला खोकल्याची उबळ आली. ती स्टुलावर दुमडली, तोंडाला पदर लावला, आणि एक हात वर करून "थांबा" म्हणाली. बायको चाकाला टेकून उभी राहिली.

"पुरे आता," दोरवाला पुटपुटला. "हिला घरी पाठवू. मी मनातल्या मनात पावलं मोजत जाईन."

"पाठवा की," बायको म्हणाली. "आधी तिचा खोकला तर थांबू दे."

थांबायचं म्हणून तो थांबला. हाताला काम नव्हतं. ठोकळ्यापुढचे पेड त्यानं उगाच चाचपले. एक ताठ. दुसरा ताठ. तिसरा बोटाखाली जरा मऊ लागला, पिकत आलेल्या फळासारखा. त्यानं पुन्हा दाबला. मऊच.

तिसऱ्या पेडाला पीळ कमी बसत होता. चाकाचा तिसरा आकडा झिजून सरकत होता. भोंग्याच्या गाण्यात पळताना हे बोटाला कधी कळणारच नव्हतं, कारण बोटं थांबलीच नव्हती. तुटलेल्या दोन्ही दोरांत दोनच पेडांनी नदीची ओढ पेलली होती, आणि तिसरा नुसता सोबतीला होता.

"चाकाला हात लावू नकोस," तो म्हणाला. "तिसऱ्या आकड्याला पाचर ठोक. मग त्या एकालाच पीळ दे. हळू. अजून. अजून थोडा. बस!"

त्यानं आजवर वळलेलं सगळं उलगडलं आणि तो गाडीपाशी परत गेला. आत्याचा खोकला एव्हाना निवला होता. डोळ्यांतलं पाणी पुसत तिनं विचारलं, "चुकलं का रे माझं काही?"

"नाही आत्या. तू थांबलीस, म्हणून सापडलं."

"काय सापडलं?"

"पहिल्यापासून गा. आणि दमलीस की थांब. लाजू नकोस."

"लाजतंय कोण? मुकाट चाल."

आता प्रत्येक थांब्याला तो तिन्ही पेड दाबून बघत होता. दोर संध्याकाळी पुरा झाला.

दोन दिवसांनी तो नदीवर ताणला. नावाड्यानं नावेत दगडांची पोती भरली आणि दोरवाल्याला म्हणाला, "तूही चढ. वळणाऱ्यानं आधी बसावं."

दोरवाला चढला. त्याच्यामागे आत्याही काठी टेकत आली.

"तू काठावर थांब," तो ओरडला.

"मला पण पोतंच समजा," ती नावाड्याला म्हणाली.

"येऊ दे रे," नावाडी हसला. "हिचं वजन ते किती!"

नाव सुटली. आत्यानं लगेच हात जोडले आणि ओठातल्या ओठात देवाचे आभार मानायला लागली.

"अगं, आधी पोचू तर दे!"

"पोचल्यावर काय, कुणीही मानतं."

मधली धार आली. मागच्या वेळी इथेच तुटला होता. पाणी नावेला खाली रेटू लागलं, दोर धनुष्यासारखा वाकला, त्यातून पाणी पिळून निघालं. नावाड्यानं दोर दोन्ही हातांनी आवळला. दोरवाल्यानं दोरावर तळहात ठेवला. तिन्ही पेड एकसारखे ताठ होते, पण पलीकडचा काठ अजून लांब होता, आणि त्याच्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तो आत्याशेजारी बसला. त्याला गाता येत नव्हतं, शब्द तर मुळीच येत नव्हते. "देवा, तू मोठा आहेस," एवढंच तो म्हणाला, जरा मोठ्यानं, आणि आपल्याच आवाजाला लाजला.

आत्यानं त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. तिला दम लागला होता.

नावाडी दोर मागे सारत राहिला, एक हात, मग दुसरा हात. धार मागे पडली, पाणी संथ झालं, आणि नावेचं नाक पलीकडच्या चिखलात रुतलं.