नावं संपेपर्यंत दिवे लावू नका

मी सिनेमागृहातला पडदा. हो, तोच, ज्याच्याकडे तुम्ही तीन तीन तास टक लावून बसता आणि घरी जाताना ज्याची साधी आठवणही काढत नाही. आज मी बोलणार आहे, आणि मधे कोणी कितीही शिट्ट्या मारल्या तरी थांबणार नाही.

आधी एक गैरसमज दूर करतो. लोकांना वाटतं, या पडद्याची काय चैन आहे, रोज फुकटात सिनेमे! मी आजवर एकही सिनेमा बघितलेला नाही. चित्र माझ्या अंगावर पडतं, ते मला कसं दिसणार? तुमच्या कपाळाला काय लागलंय ते तुम्हाला दिसतं का? मला दिसता ते तुम्ही. कोण रडायच्या प्रसंगात फोन चाळतं, कोण शेजारणीच्या खांद्यावर मान टाकून घोरतं, हे सगळं मला ठाऊक असतं. ऐकू मात्र चांगलं येतं. स्पीकर माझ्या पाठीशीच आहेत, आणि आवाज बाहेर जावा म्हणून माझ्या अंगाची पार चाळण केलेली आहे.

माझा जन्म कारखान्यातला. लांब लांब पट्ट्या जोडून मला तयार केलं, वर पांढऱ्या रंगाचा फवारा मारला, गुंडाळी करून ट्रकमध्ये टाकलं. इथे आणून लोखंडी चौकटीला दोऱ्यांनी असं करकचून बांधलं की आजतागायत मला अंग सैल सोडता आलेलं नाही. त्या दिवशी मालकाने मला लांबून, जवळून, बाजूने बघितलं आणि "झकास" म्हणाला. त्यानंतर त्याने माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तो बघतो ती तिकीट खिडकीवरची गर्दी.

त्याच गर्दीसाठी गेल्या सुट्टीत त्याने एक शक्कल लढवली. एका तिकिटात चार सिनेमे, चारही सुपरहिट, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. बाहेर ही रांग! माझ्या अंगावर मात्र दिवसभर गोळीबार, आगी, गाड्यांचे चेंदामेंदे. मला विचाराल तर चार नावांनी एकच सिनेमा चार वेळा दाखवला. एक माणूस शंभर जणांना लोळवतो, इमारतीवरून उडी मारतो, जग वाचवतो आणि त्याचा केससुद्धा विस्कटत नाही, असं पुढच्या रांगेतला एक जण म्हणत होता. म्हणत होता आणि टाळ्याही तोच वाजवत होता.

या गर्दीत पाचव्या रांगेच्या मधोमध दोघी येऊन बसल्या. सासू आणि सून. सासूच्या मांडीवर पाण्याची बाटली, सुनेच्या पिशवीत वेफर्सच्या पुड्या. सिनेमा सुरू व्हायच्या आधी त्या हळू आवाजात बोलत होत्या, त्यावरून मला सगळं कळलं.

म्हातारीचा मुलगा हिरोचा डुप्लिकेट. उडी मारायची, काच फोडायची, जिन्यावरून गडगडत खाली यायचं याने, आणि पुढच्या क्षणी चेहरा दाखवायचा हिरोने. मुलाने हे काम धरल्यापासून म्हातारीने सिनेमा बघणंच सोडून दिलं होतं. पोटचा पोर पडताना कोण बघेल? चारही सिनेमांत तो होता. चौथ्यात मनोऱ्यावरून उडी मारताना तो गादीच्या बाहेर पडला आणि त्याचा कणा मोडला. तेव्हापासून तो घरी अंथरुणावर होता. पुन्हा चालेल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

आणि सिनेमाची कंपनी काय म्हणत होती? तुमचा माणूस त्या दिवशी तिथे नव्हताच. उडी हिरोने स्वतः मारली. हिरोही जिथे तिथे तेच सांगत सुटला होता. मुलाकडे पुरावा म्हणून एकच गोष्ट होती, ती म्हणजे उडीच्या आधी दिलेला शब्द. या वेळी सिनेमाच्या शेवटी तुझं नाव घालू, असं त्याला सांगितलं होतं. ते नाव असेल, तर कंपनीला हात झटकता येणार नव्हते.

सून ते शोधायला एकदा दुसऱ्या थिएटरात जाऊन आली होती. पण नावं यायच्या आतच तिथे दिवे लागले आणि तिला बाहेर काढलं. अशी रीत आमच्याकडेही आहे. हिरोचं शेवटचं वाक्य झालं की डोअरकीपर धाडकन दरवाजे उघडतो, दिवे लागतात, वरच्या खोलीतला ऑपरेटर मशीन बंद करतो. पुढच्या खेळाआधी झाडलोट व्हायला हवी ना! माझ्या अंगावर हजारो माणसं मेली आणि जिवंत झाली, पण शेवटची नावं कधी उमटलीच नव्हती.

"या वेळी मी येते," सासू म्हणाली होती. "बघते मला कोण उठवतं."

पहिला सिनेमा सुरू झाला. बिचारी हिरोच्या तोंडाकडे बघत बसली.

"तोंड नका बघू, आई," सून कुजबुजली. "पाठ बघा. पाठमोरे असतात ते हे असतात."

मग म्हातारीला हळूहळू नजर आली. दुसऱ्या सिनेमात सुनेच्या आधी तिनेच ओळखलं. खांदा आत घेऊन पडतो, म्हणाली, लहानपणी पलंगावरून पडायचा तसाच. तिसऱ्यात तर मौजच झाली. हिरो तोंड दाखवून मोठमोठे संवाद म्हणायला लागला की बाई खुशाल पाणी प्यायची, वेफर्स खायची. त्याने पाठ फिरवली की हात पुडीतच थांबायचा. मला तिचा भारी अभिमान वाटला. एवढ्या मोठ्या थिएटरात खरा सिनेमा बघणारी ती एकटीच होती.

चौथ्यात मनोऱ्याचा प्रसंग आला तेव्हा सुनेने मान खाली घातली. म्हातारीने घातली नाही. खालपर्यंत पडेतो तिने पापणी हलवली नाही. थिएटर टाळ्यांनी दणाणलं. त्या क्षणी मला त्या टाळ्यांचा राग आला, हे मी स्पष्ट सांगतो. मग टाळ्या आणखी वाढल्या, कारण हिरो कोट झटकत उभा राहिला, असं पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं.

"उठला?" म्हातारीने विचारलं.

"तो उठला," सून म्हणाली. "हे नाही उठले."

शेवटचं वाक्य झालं. दरवाजे उघडले, दिवे लागले, मशीन थांबलं. लोक चपला शोधत उठायला लागले. म्हातारी जागची हलली नाही. डोअरकीपर जवळ आला आणि सवयीने म्हणाला, "चला आजी, संपला सिनेमा."

"संपला नाही. नावं राहिलीत."

"नावं कोण बघतं, आजी?"

"मी बघते. दिवे घालवा."

त्याने समजावून पाहिलं. मालक ओरडेल, झाडायचं आहे, असं सगळं सांगून झालं. मालकाला बोलवा, तोवर मी बसते, एवढंच ती म्हणाली. आवाजही चढवला नाही. दारातली गर्दी वळून बघू लागली. कोणी "अहो, चला की" म्हणालं, पण दोघं-चौघं परत येऊन बसले. डोअरकीपर घुटमळला, मग त्याने वरच्या ऑपरेटरला मशीन चालू करायची खूण केली आणि दिवे घालवले.

आणि माझ्या अंगावर पहिल्यांदा नावं सरकली. मुंग्यांची रांग चढावी तशी बारीक, खालून वर. म्हातारीला एवढं बारीक वाचता येईना, म्हणून सून मोठ्याने वाचू लागली. हिरोच्या गाडीचा ड्रायव्हर होता. हिरोचा स्वयंपाकी होता. त्याचे केस विंचरणारा, त्याच्यावर छत्री धरणारा, दोघेही होते. सिनेमातल्या कुत्र्याचंही नाव होतं. त्यावर मागे कोणीतरी हसलं, पण हसू लगेच विझलं, कारण आता सगळेच ऐकत होते.

नावं संपली. अंधार झाला.

"नाही ना?"

"नाही, आई."

म्हातारी उठली. दाराकडे जाईल असं वाटलं, पण ती पुढच्या चार पायऱ्या चढून सरळ माझ्यासमोर आली. तो पडला ती खालच्या कोपऱ्याजवळची जागा तिने बरोबर शोधली. पडद्याला हात लावायचा नसतो, तेलकट डाग कायमचा बसतो, असं डोअरकीपर मागून सांगत होता. राहू दे, म्हणाली ती. दिवसभर वेफर्सच्या पुडीत गेलेला तो हात तिने तिथे ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. इतक्या वर्षांत मला माणसाचा हात कसा असतो ते माहीत नव्हतं. गरम असतो.

तेवढ्यात सुनेचा फोन वाजला. घरून होता. म्हातारीने फोन आपल्याकडे घेतला.

"नाव नाही घातलं त्यांनी," ती म्हणाली. "रडू नकोस, ऐक. पडताना खांदा आत घेतलास तो मी बघितलाय. तूच होतास. कोणीही विचारू दे, कुठेही उभी करू दे, मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी मालक आला. ओलं फडकं झालं, साबण झाला, डाग जाण्याऐवजी पसरला. आता हिरोचा चेहरा जवळून दाखवला की त्याच्या गालावर पाच बोटं दिसतात. प्रेक्षक कुरकुर करतात. डोअरकीपर हल्ली नावं संपल्यावरच दिवे लावतो, त्याबद्दल त्याने बोलणीही खाल्ली आहेत. मालक म्हणतो, हा पडदाच बदलून टाकू.

खुशाल बदला. सोडा माझ्या दोऱ्या, गुंडाळा मला, फेका अडगळीत. पण माझी शेवटची दोरी सुटेपर्यंत हा डाग मी अंगावरून उतरू देणार नाही, समोर कितीही मोठा हिरो येवो.

आणि तुम्ही आलात, तो डाग दिसला, तर कृपा करून खिडकीवर तक्रार घेऊन जाऊ नका. तिथे एक माणूस पडला होता.