दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

त्या रविवारी दहाला पाच मिनिटं असताना बाबांचा फोन आला, तेव्हा ती एका जिन्याच्या पायऱ्या तिसऱ्यांदा मोजत होती. जिना कागदावरचा. ऑफिसातल्या कुणीतरी त्यातली एक पायरी खाल्ली होती, आणि सोमवारी सकाळी नकाशे साहेबांच्या टेबलावर हवे होते.

"काय ठमे, बसलीस का?"

"बसले."

"आज अकरावी रेकॉर्ड. नवा ड्रमवाला आलाय. सांभाळून घे, पहिलाच दिवस आहे बिचाऱ्याचा."

"त्याचा पहिला दिवस होऊन चाळीस वर्षं झाली, बाबा."

"आपल्याकडे तो आजच आलाय. चल, सुई टेकवतोय."

हा उद्योग सहा वर्षांचा. आई गेल्यावर दोघांना फोनवर बोलायला काही सुचेना. जेवलात का, झोप लागली का, यापुढे गाडी सरकायची नाही. बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. दिवसभर यंत्राच्या घरघरीत बसायचं आणि घरी येऊन गिटारी ऐकायच्या, हे त्यांचं तरुणपणापासूनचं वेड. त्यांनीच मग हे काढलं. एक बँड घ्यायचा आणि त्याच्या सगळ्या रेकॉर्डी, ज्या क्रमाने निघाल्या त्या क्रमाने, दर रविवारी एक अशा ऐकायच्या. ते आपल्या खोलीत रेकॉर्ड लावत, ती दुसऱ्या शहरात कानाला हेडफोन लावून तीच संगणकावर सुरू करी. फोन मधे उघडा. बोलायचं नाही. एक बाजू संपली की ते म्हणत, "उलटतोय," की तिनेही थांबायचं. शेवटी दोघांनी आवडलेलं एकेक गाणं सांगायचं आणि त्यावरून यथेच्छ भांडायचं. गाळायचं मात्र काही नाही. पार फसलेली रेकॉर्डसुद्धा नाही.

"चांगली गाणी काय, सगळेच ऐकतात," ते म्हणायचे. "यांचं बिनसलं तेव्हा यांच्याजवळ कोण बसलं?"

असे वीसेक बँड आणि चार-पाच एकटे गायक पार पडले होते. आता हे चौघे चालू होते, आणि सातव्या रेकॉर्डपासून त्यांचं बिनसलेलंच होतं.

त्या दिवशी तिने संगणक उघडलाच नाही. हेडफोन बाजूला ठेवले, फोनचा आवाज अगदी बारीक केला आणि पेन्सिल घेतली. तिकडची रेकॉर्ड डबीत कोंडलेल्या माशीसारखी गुणगुणत राहिली. मधे केव्हातरी "उलटतोय" ऐकू आलं, ती "हं" म्हणाली. मग बाबा पुन्हा बोलेपर्यंत दोन मजले तपासून झाले.

"हं, सांग. कोणतं?"

"दुसऱ्या बाजूचं तिसरं," ती म्हणाली. प्रत्येक बाजूला चार-पाच गाणी असायचीच.

"अच्छा. छान आहे ते."

वाद नाही, काही नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं.

"पुढच्या रविवारी बारावी ना?"

"बघू. तू आधी जेवून घे. दमलेली वाटतेस."

पायरी तिला दुपारी सापडली.

बुधवारी सकाळी भिंग यंत्राला लावता लावता बाबा खाली बसले, ते उठलेच नाहीत. दुकानाच्या मालकांनी फोन केला. त्यांना एकही वाक्य पुरं करता येत नव्हतं.

तीन आठवड्यांनी ती आणि आत्या बाबांच्या खोल्या आवरायला आल्या. कपाटं झाली, भांडी झाली. आत्या रेकॉर्डींच्या फळीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे लटांबर तू ने बाई. माझं आयुष्य यांच्या ठणाण्यात गेलं. मी परीक्षेला बसलेली आणि हा पलीकडे पत्र्याचे डबे बडवतोय. माझं गणित याने बुडवलं."

"तुला गणित येतच नव्हतं, असं बाबा सांगायचे."

"तो काय, काहीही सांगायचा." आत्याने हातातल्या फडक्यालाच नाक पुसलं. "मी खाली जाऊन खोकी बघते."

फळीच्या टोकाला एक लांबट वही होती. दुकानातली, डोळ्यांचे नंबर टिपायची. छापील रकाने दोन: उजवा आणि डावा. बाबांचा डावा डोळा लहानपणापासून अधू. डाव्या रकान्यात त्यांनी स्वतःची गाणी लिहिली होती, उजव्यात तिची. सहा वर्षांचे सगळे रविवार, बारीक, नेटक्या अक्षरात. कुठे "भांडली," कुठे "हिचं बरोबर होतं, सांगितलं नाही."

ती शेवटच्या ओळीवर आली. अकरावी. डावा: "पहिल्या बाजूचं चौथं. ड्रमवाला घाबरलाय." उजवा: "दुसऱ्या बाजूचं तिसरं." त्याच शाईत, त्याच अक्षरात. आणि खाली, जिथे पुढची रेकॉर्ड यायला हवी होती तिथे: "पुढच्या रविवारी पुन्हा हीच."

तिने पानं मागे चाळली. सहा वर्षांत एकही रेकॉर्ड दोनदा लावलेली नव्हती.

रेकॉर्ड अजून प्लेअरवरच होती, दुसरी बाजू वर. ती वाकली. दोन गाण्यांच्या मधे रेकॉर्डवर एक गुळगुळीत पट्टी असते, ती बोटाने मोजता येते, हे बाबांनीच तिला पाच-सहा वर्षांची असताना दाखवलं होतं. इथे पट्टी नव्हती. कडेपासून मधल्या कागदापर्यंत एकसारखी काळी रेघ फिरत गेलेली. त्या बाजूला एकच गाणं होतं. बावीस मिनिटांचं.

मग तिने सुई टेकवली आणि बाबांच्या खुर्चीत न बसता शेजारी जमिनीवर बसली.

गाणं फार चांगलं नव्हतं. गिटारवाला एकाच जागी घोळत राहिला. गाणारा मधेच गप्प झाला, तो बराच वेळ आलाच नाही. नवा ड्रमवाला आधी सगळ्यांच्या मागून चालत होता, चुकेन की काय अशा बेताने. पंधराव्या मिनिटाच्या आसपास त्याला वाट सापडली आणि बाकीचे तिघे निमूट त्याच्यामागे गेले. तिला वाटलं, बाबांना हे नक्की ऐकू आलं असणार, आणि पुढच्या रविवारी याच्यावरूनच त्यांना भांडायचं असणार. तिच्याशी.

रेकॉर्ड संपली. सुई मधल्या रेघेत टकटक करत राहिली. जिन्यात आत्याची खोकी भिंतीला घासत वर येत होती. तिने वही मिटून मांडीवर घेतली आणि रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"बाबा, त्या दिवशी मी ऐकतच नव्हते," ती मोठ्याने म्हणाली. "पायऱ्या मोजत होते. खोटं बोलले तुमच्याशी."

सुई टकटकत होती.

"आज ऐकली. ड्रमवाला चांगला आहे, बाबा."