ईशिताच्या तक्त्यातल्या तीन चौकटी

मी लंडनजवळच्या हाउन्सलोच्या एका फ्लॅटमधला, वॉलपेपरचा उरलेला तुकडा. तोंड दाखवायची लाज वाटते, तरी आज बोलतोय.

पुढून माझ्यावर जांभळी फुलं आहेत, पाठ कोरी होती. यंदा, २००६ साली, त्या पाठीवर तेरा वर्षांच्या ईशिताने शाळेसाठी मूलद्रव्यांचा तक्ता काढला. आजचा नाही, १८७१ साली रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्हने मांडला होता, तसा. हलक्यापासून जडापर्यंत ओळ लावायची आणि सारख्या गुणांची एकाखाली एक बसवायची. तीन चौकटी तिने कोऱ्या ठेवल्या आणि ती स्विमिंगला गेली.

तिची आई आशा सातवी शिकलेली. पोरीचं काही राहून गेलं की ते पुरं केल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तिने पुस्तकातला आजचा तक्ता उघडला, एकेक अक्षर ताडून पाहिलं आणि मार्करने भरलं: स्कँडियम, गॅलियम, जर्मेनियम. मी खूश. आता मी पुरा झालो, असं वाटलं मला.

वर्गात सर म्हणाले, "ही तिन्ही तर तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हती."

मुलं हसली. ईशिताही हसली. म्हणाली, "माझ्या ममने केलं. ती सातवीच शिकलीय."

घरी मात्र तिने सांगितलं, "सरांना आवडलं." मग काय, आशाने मला स्वयंपाकघरात चिकटवलं. येईल त्याला दाखवायची, "या तीन मी भरल्या हं." मी भिंतीवर शरमेने अर्धा व्हायचो.

आज पेरेंट्स इव्हनिंग, शाळेत आईवडिलांनी सरांना भेटायची संध्याकाळ. सरांना दाखवायला म्हणून आशाने मला भिंतीवरून काढलं आणि गुंडाळून काखेत घेतलं. जिन्यात ईशिता थांबली.

"आई, ते नको नेऊस."

"का गं?"

तिने सगळं सांगितलं. हसल्याचंसुद्धा.

आशा पायरीवर बसली. मला उलगडलं, परत गुंडाळलं. मग म्हणाली, "त्या माणसाने जागा मोकळी का सोडली?"

"पुढचं मूलद्रव्य आणून तिथे बसवलं तर गुण जुळेनात. म्हणून तो म्हणाला, इथलं अजून सापडायचंय. पंधरा वर्षांत तिन्ही सापडली."

"तोवर जागा रिकामी दाखवायची भीती नाही वाटली त्याला?"

"आय डोन्ट नो, आई. सॉरी."

"चल, बस जाईल. चूक माझी, ती मी सांगते सरांना. तू हसलीस ते तू सांग."

आता बसमध्ये मी दोघींच्या मांडीवर आडवा आहे. मार्कर पुसला जात नाही, नाहीतर मी कधीच पुसून टाकला असता.

सर, मला उलगडायची घाई करू नका. आधी पोरीचं ऐका.