न तुटलेली तार

फौजेतल्या सिग्नल युनिटला पन्नास वर्षं झाली म्हणून इतिहास काढायचं ठरलं, आणि डोंगरावरच्या वर्षांचं प्रकरण हिंमतरावांच्या गळ्यात पडलं. सिग्नलवाल्यांचा इतिहास म्हणजे काय हो? लढणारे वेगळेच, यांनी तारा ओढल्या, फोन जोडले, निरोप पोचवले. तरी निवृत्त सुभेदारसाहेबांनी हडपसरच्या फ्लॅटमध्ये बसून तीस पानं लिहून काढली. एकतिसाव्या पानावर रामदास आला आणि पेन अडलं.

रामदास लाइनमन. चोवीस वर्षांपूर्वी एका सकाळी पुढच्या चौकीचा फोन बंद पडला. तार कुठे तुटली ते बघायला रामदास बर्फात गेला. तासाभराने फोन सुरू झाला, आणि संध्याकाळी कोसळलेल्या बर्फाखाली त्याचं प्रेत सापडलं. तार जोडली आणि मग गेला, असं सगळे धरून चालले. मरणोत्तर पदक मिळालं. नव्या रंगरुटांना आजही ही गोष्ट सांगतात आणि पोरं छाती फुगवून ऐकतात.

खरं काय ते एकट्या हिंमतरावांना ठाऊक. फोन बंद पडला की आधी आपल्याकडचं टोक तपासायचं, मग माणूस पाठवायचा, हा या धंद्यातला पहिला धडा. त्या सकाळी टेलिफोन एक्सचेंजवर हेच बसले होते, आणि घाईत यांनी तो पाळला नाही. रामदास जाऊन तास झाल्यावर यांच्याच पेटीतला एक ढिला स्क्रू हाताला लागला. आवळला, तशी चौकी बोलायला लागली. वहीत यांनी ‘लाइन सुरू’ एवढंच लिहिलं. खोटं एक अक्षर नाही. हुशारी बघा!

पुढे ते रडले नाहीत, त्यांची झोप उडाली नाही, बढत्याही वेळच्या वेळी घेतल्या. दाताच्या डॉक्टरने सुई टोचली की गाल बधिर होतो ना, तसं आत काहीतरी झालं होतं. ते उतरलंच नाही.

रामदासची बायको द्वारका हडपसरलाच राहते, मुलाजवळ, शुभंकरजवळ. इतिहास निघतोय हे तिच्या कानावर गेलं आणि तिने हिंमतरावांना दुपारी चहाला बोलावलं. चिवडा पुढे ठेवला, तब्येतीची चौकशी केली, मग मुद्द्यावर आली. तार जोडली की लाइनमन तिथूनच एक्सचेंजला फोन लावतो आणि आपलं नाव सांगतो, हे तिला नवऱ्याकडूनच माहीत होतं. इतकी वर्षं विचारायचा धीर झाला नव्हता, म्हणाली.

“भाऊजी, शेवटचं बोलणं तुमच्याशीच झालं असणार. काय म्हणाले हे? तेवढं पुस्तकात येऊ द्या.”

काहीतरी ठोकून द्यायला काय जात होतं? ‘लाइन सुरू झाली’ असं म्हणाला, एवढ्यावर त्या माउलीचा जन्म गेला असता. हिंमतरावांनी तेच सांगायला तोंड उघडलं.

“फोन आलाच नाही, वहिनी. तार तुटलीच नव्हती.”

तिला कळेना. मग त्यांनी स्क्रूचं सगळं सांगितलं, सकाळच्या परेडला हजेरी द्यावी तशा सपाट आवाजात. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिली.

“मग हे गेले कशाला?”

“मी पाठवलं म्हणून.”

बाई रडली नाही, अंगावर धावून आली नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं हिंमतरावांना वाटलं. निदान काहीतरी वाटलं.

तिने कपबशा उचलल्या, आत नेऊन विसळल्या आणि हात पुसत परत येऊन दारात उभी राहिली.

“हे गेले तेव्हा शुभंकर पोटात होता. त्याने बाप पाहिला नाही. ती तार जोडल्याची गोष्ट सांगूनच मी त्याला वाढवलाय.”

हिंमतरावांनी मान हलवली.

“हिंजवडीहून साडेसहाला येतो. हे त्याला तुम्हीच सांगायचं. बसा.”

साडेतीन वाजले होते. हिंमतराव बसून राहिले.