परतीची तार

आमच्या ह्यांना सगळी मांडवी मार्कोनी म्हणते. जहाजावर बिनतारी यंत्र सांभाळणाऱ्याला खलाशी मार्कोनीच म्हणतात, तेच नाव घेऊन हे पेन्शनीत आले. खरं नाव रेशनकार्डावर. मी ते उखाण्यात एकदाच घेतलं, तेही पुटपुटून.

हयातभर कानाला फोन लावून बसलेला माणूस. बाहेर वादळ, यंत्रात नुसती खरखर, आणि त्या खरखरीतून कुठल्या तरी लांबच्या बोटीची बारीक टिकटिक वेचून काढायची. त्याने कान इतके तिखट झाले, की शेजारच्या सावित्रीच्या परसात आंबा पडला तर हे जेवता जेवता सांगत, "हापूस नाही गं, रायवळ." आणि खरखरीचा राग असा, की माझा रेडिओ जरा घोगरा लागला की उठून बंद. मी भांडायची. घो मार्कोनी आणि घरातला रेडिओ मुका, जळ्ळं मेलं लक्षण.

लग्न झालं तेव्हा आम्ही गिरगावात एका खोलीत होतो. म्हणजे मी होते, हे बोटीवर. भिंतीपलीकडे एक म्हातारे सारंगीवाले राहायचे. तिसऱ्या प्रहरी त्यांचा रियाज सुरू झाला, की मी हातातलं काम टाकून भिंतीला पाठ लावून बसायची. त्या सारंगीने मला वेड लागू दिलं नाही, खोटं कशाला बोलू. सुटीवर आल्यावर ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "एक दिवस तुला अशी सारंगी ऐकवेन, की वाजवणारा आपल्या ओटीवर बसलाय असं वाटेल." बंदर सोडताना बोटीवरचा माणूस वाट्टेल ते कबूल करतो. मी हसले आणि विसरले. हे विसरले नाहीत.

पंच्याऐंशी साली कायमचे मांडवीच्या घरी आले ते पत्र्याची पेटी घेऊन. मला वाटलं साड्या. उघडली तर कापसात गुंडाळलेले व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असतात ते काचेचे दिवे. बोटींवर नवी यंत्रं बसली, जुनी भंगारात निघाली, त्यांतली ही काचेची पिल्लं ह्यांनी जिवापाड जपून आणलेली. बाजारातले रेडिओवाले हसले. ट्रान्झिस्टरच्या जमान्यात हे काय काढलंत मार्कोनी, म्हणाले. हे कोणाला उत्तर देत बसले नाहीत. दिवेलागणीला ओटीवर, सारंगीसाठी जुळवायला घेतलेल्या यंत्राचा उघडा सांगाडा मांडायचा, बटण दाबायचं, आणि एकेका काचेत नारिंगी तार हळूहळू उमलायची. मी वात करता करता बघत बसायची. देवापुढचा दिवा आधी लावायचा की हे, असा प्रश्न पडायचा मला.

"ऐक," हे सांगायचे, "व्हॉल्व्ह आवाज मोठा करतो, पण करताना पदरचं थोडं घालतो. सा दिला, तर त्यात वरच्या 'सा'ची छाया मिसळतो. गोड असते, पण सारंगीवाल्याची नसते." म्हणून एकाच्या जागी दोन लावायचे. सूर एकच, पण एकाला सुलटा द्यायचा आणि दुसऱ्याला उलटा. एक ओढतो तेव्हा दुसरा सोडतो. शेवटी तांब्याच्या गुंडाळीत दोघं एकत्र येतात, तेव्हा सुराची बेरीज होते आणि दोघांची पदरची भर एकमेकीला खाऊन टाकते. मात्र दोघं अगदी सारखे हवेत. हे दिवसचे दिवस जोडी जमवत बसायचे. मी म्हटलं, "आपली पत्रिकासुद्धा मामंजींनी इतकी बघितली नव्हती."

ती गुंडाळी आम्ही दोघांनी केली. मी रहाट फिरवायची, हे केसासारखी तार सोडायचे. एक थर आत येणाऱ्या तारेचा, एक बाहेर जाणाऱ्या तारेचा, मध्ये कागद. असे एकाआड एक थर नसले तर बारीक सूर वाटेतच मरतात म्हणे.

आणि सगळ्यात शेवटी परतीची तार. बाहेर पडलेल्या आवाजातला चिमूटभर उलटा करून पुन्हा पहिल्या व्हॉल्व्हच्या दारात आणायचा. आलेलं आणि गेलेलं तिथे समोरासमोर येतं. वाटेत झालेली चूक उलटी होऊन परत येते आणि स्वतःलाच पुसते.

"म्हणजे मी तुमचं करते तेच," मी म्हटलं.

"हो. आणि त्याने माणसाचा आवाजही खाली येतो," हे म्हणाले.

मेला विनोद, पण खरा होता. परत जितकं जास्त आणावं, तितका आवाज साफ, आणि तितकाच लहान.

इकडे माझे कान चालले होते. शिमगा झाला आणि रातकिडे ऐकू येईनासे झाले. मला वाटलं, गेले असतील मेले कुठेतरी. मग कुकरची शिट्टी गेली. मग समुद्र बदलला. लाट वाळूवरून मागे जाताना सरसरते, ते गेलं, तळातली घुमघुम तेवढी राहिली. वाईट वाटत होतं असंही नाही. सगळं जग कोणी मलमलीत गुंडाळून ठेवलं होतं. दुपारी पायरीवर बसले की वाटायचं, मी झोपेत आहे आणि रस्त्याने जाणारी माणसं माझ्या स्वप्नात नुसती तोंडं हलवतायत.

सावित्रीला घेऊन गुपचूप डॉक्टरकडे गेले. ते म्हणाले, नसा सुकतायत, हळूहळू सगळंच जाईल. कानाला यंत्र लावलंत तर बोलणं कळेल, गाण्याचं सांगता येत नाही. मी सावित्रीला शपथ घातली. बोटीवरून उतरलेले पुरुष मी पाहिलेत. जेटीवर बसतात, पाण्याकडे बघतात, आणि वर्षा-दोन वर्षांत आटपतात. जिच्यासाठी चाललंय तीच बहिरी, हे कळलं असतं तर ह्यांनी सांगाडा माळ्यावर टाकला असता आणि तेही जेटीवर जाऊन बसले असते. शिवाय मला ती सारंगी हवी होती. कान पुरते जायच्या आत, एकदा तरी.

तर रोज दिवेलागणीला हे विचारायचे, "आता?" मी ह्यांच्या कपाळाकडे बघायची. आठी असली तर म्हणायची, "जरा खरखरतंय." आठी गेली की, "आता बरं." सोंग छान वठलं होतं. माझ्यावर भरवसा ठेवून हे परतीचं प्रमाण आणखी वाढवायचे. आवाज आणखी साफ व्हायचा आणि माझ्यापासून आणखी एक खोली लांब जायचा.

दसऱ्याला काम पुरं झालं. सांगाड्याला झेंडूचं फूल वाहिलं, मला खुर्चीत बसवलं, सारंगीची तबकडी लावली. तबकडी फिरायला लागली, सुई टेकली. मी डोळे मिटले. कुठून तरी, फार लांबून, येतंय असं वाटलं. मान डोलावली. म्हटलं, "काय गोड वाजतंय हो."

डोळे उघडले तर हे माझ्याकडे बघत उभे.

"दमू," ओठ हलले, "मी आवाजाचं बटण अजून उघडलेलं नाही."

मला रडू आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदम. हे समोर येऊन बसले. कधीपासून, विचारलं. शिमग्यापासून, मी सांगितलं. मला का बोलली नाहीस, म्हणाले. म्हटलं, "तुम्ही हे सगळं माळ्यावर टाकलं असतंत."

हे म्हणाले, "टाकलं असतं."

मग उठून बटण शेवटपर्यंत फिरवलं. मी कान दिला. सारंगी होती, पण खाडीपलीकडे, भाट्याच्या सुरूच्या बनात कोणी वाजवावी तशी. मी नाही म्हणून मान हलवली. आता खोटं बोलायला काही उरलं नव्हतं.

"सगळा जोर मी सफाईत घालवला," हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "आणखी एक व्हॉल्व्ह चढवला तर भागेल, पण तसला माझ्याकडे नाही. मुंबईहून मागवला तर येईल तेव्हा येईल."

"मग येऊ दे की."

"तुझे कान थांबतील तोवर?"

ह्यांनी वीज बंद केली. व्हॉल्व्ह एकदम विझत नाहीत, निखाऱ्यासारखे मंद होत होत काळे पडतात. आत वीज साठलेली असते, ती ओसरल्याशिवाय हात घालायचा नसतो. आम्ही दोघं शेजारी बसून ते विझणं बघत राहिलो. मग हे पक्कड घेऊन उठले.

"कापू नका," मी म्हटलं. "दोन पावसाळे घातलेत तुम्ही त्यात."

ह्यांनी परतीची तार कापली.

पुन्हा वीज दिली. काचा उमलल्या, सुई टेकली, आणि सारंगी घरात आली. अशी आली की छातीत वाजली. गज तारेवरून फिरताना कळला, मींड कळली, एका जागी वाजवणारा थांबून श्वास घेतो तेसुद्धा कळलं. माझे डोळे घळाघळा वाहायला लागले आणि मी ते पुसले नाहीत. इतक्या महिन्यांनी कोणी माझ्याशी माझ्या कानात बोलत होतं.

मग ह्यांच्याकडे बघितलं. खुर्चीचे हात धरून बसले होते. सूर वर चढला की डोळ्याच्या कडेची शीर उडत होती. तबकडी संपेपर्यंत ती उडत राहिली.

"साफ आहे का हो?" मी विचारलं.

हे माझ्या कानाला तोंड लावून मोठ्याने म्हणाले, "अगदी साफ." आणि विचारलं, "पुन्हा लावू?"

"लावा," मी म्हटलं.

ह्यांनी लावली, आणि येऊन माझ्याजवळ बसले.